हयात वादक

“मी मेलो, असं तुम्हीच लिहिलंत ना?” व्हिडिओ कॉलवर आयर्लंडमधले म्हातारे बासरीवादक कॉल्म हसत विचारत होते. इकडे साताऱ्यात शलाकाला मान वर करवेना.

कुणालाही भर घालता येईल अशा ऑनलाइन ज्ञानकोशात ती आयरिश संगीतावरचे अपुरे लेख हौसेने पूर्ण करायची. कॉल्म यांच्याच नावाचा दुसरा एक वादक वारल्याचं वाचून तिने घाईघाईत यांच्या लेखात मृत्यूची नोंद केली. ती पाहून दूरच्या शहरातल्या महोत्सवाने त्यांच्या जागी दुसऱ्यालाच बोलावलं.

“चूक दुरुस्त केलीय, सर. महोत्सवालाही कळवलंय. पुढच्या वर्षी नक्की बोलावतो म्हणाले.”

“पुढच्या वर्षी?” त्यांचं हसू मावळलं. “पोरी, माझा दम आत्ताच पुरत नाही गं.”

मग त्यांनी बासरी ओठांना लावली. “तिथे हीच धून वाजवणार होतो. आता तू ऐक.”

मध्येच धाप लागून ते थांबायचे, पुन्हा वाजवायचे. शलाका डोळे पुसत ऐकत राहिली. धून संपली तसं त्यांनी संकोचून विचारलं, “बरी झाली का?”

अख्ख्या सभागृहाने वाजवायच्या टाळ्या तिने एकटीने वाजवल्या. त्या फारच कमी पडल्या.