सगळेच कळंबटे

"आजी, यजमानांचं नाव सांगा," मी परत विचारलं. "घोवाचा नाव तोंडानं कसा घेऊ, बाबा?" म्हातारीने परत मान हलवली. अठ्ठ्याऐंशी साली आमच्या आंबा सोसायटीत कॉम्प्युटर आला, आणि तिला सभासदांच्या यादीत वारलेल्या नवऱ्याच्या जागी स्वतःचं नाव लावायचं होतं. कागद मुंबईला मुलाकडे. आडनाव कळंबटे, पण तिच्या गावात सगळेच कळंबटे. शेवटी म्हटलं, "मी वाचत जातो, तुमचं आलं की सांगा." हिरव्या इंग्रजी अक्षरांनी पडदा भरायचा, मी वाचायचो, बटण दाबायचो, की पुढचा पडदा. अनंत, बाबाजी, भागोजी, धाकू. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला; मला वाटलं, पंख्याचा वारा. घसा सुकला, डोळे चुरचुरायला लागले. यशवंतावर यादी संपली. "यात नाहीच की!" मी वैतागलो. "होता ना. मघाशीच गेला." "मग तेव्हाच नाही का बोलायचं? याला मागे जाता येत नाही, पहिल्यापासून सुरू करावं लागतं!" ती पडद्याकडेच बघत होती. "पोरांचे ते बाबा, गावाचे म्हातारे. नाव कोण घेतच नाय. आता माजा लागला, की हितनाही जाणार. म्हटला, जरा ऐकूया." मी घोटभर पाणी प्यायलो आणि पहिल्यापासून सुरुवात केली. अनंत, बाबाजी, भागोजी, धाकू. तिने पदर सारखा केला. मी बटणावरचं बोट उचललं आणि परत म्हणालो, "धाकू कळंबटे."