फाल्गुनातलं बी

फाल्गुनाचं ऊन भाजून काढत होतं आणि महादबा घरामागच्या उतारावर तेरड्याचं, सोनकीचं बी फोकत होता. कालच दवाखान्यातून आणलेली त्याची बायको खिडकीतून बघत होती. निघताना डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन काय सांगितलं, ते तिला माहीत नव्हतं.

"अहो, डोकं फिरलं का?" ती हसली. "रानफुलांचं बी मिरगाच्या तोंडावर टाकायचं असतं. दरसाल मीच टाकते ना! आत्ता टाकलंत तर जळून जाईल सगळं."

"यंदा जरा लवकर टाकतोय," महादबा मान वर न करता म्हणाला. "तुला फुलं बघता यावीत म्हणून."

तिचं हसू मावळलं. ती बराच वेळ त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

"मग पाणी तेवढं घालत राहा," ती म्हणाली.

त्याने कळशी आणून ओतली. शेवटचा थेंब पडेपर्यंत पहिली ओल वाळून गेली होती.