हे मच्छी मार्केट नाही

मीरा रोडला एका बिल्डरच्या सेल्स ऑफिसात नेत्रा फ्लॅट विकते. पालीच्या कोळीवाड्यात वाढलेली, आई मासळी विकणारी. आवाज मुळातच खणखणीत. त्या दिवशी समोरच्या आजोबांना कमी ऐकू येत होतं, म्हणून टेबलावरच्या काचेच्या पेटीतल्या टॉवरच्या इवल्याशा मॉडेलकडे बोट दाखवून ती त्यांना सातव्या मजल्यावरची बाल्कनी मोठ्याने समजावत होती. खऱ्या जागेवर अजून पत्र्याचं कुंपण आणि आत एक खड्डा, एवढंच होतं.

केबिनमधून मॅनेजर हितेश सर तणतणत बाहेर आले. "नेत्रा, आवाज खाली! ऑफिस आहे हे, मच्छी मार्केट नाही!"

बाकीचे माना खाली घालून हसले. आजोबा बुकिंगच्या चेकवर सही करता करता थांबले. एरवी अशा वेळी 'सॉरी सर' म्हणणारी नेत्रा उठून उभी राहिली.

"बरोबर बोललात सर," आवाज तसूभरही खाली न आणता ती म्हणाली, "मच्छी मार्केटात गिऱ्हाईक आधी कल्ले उघडून बघतं, मग पैसे देतं.

इथं तर मासा अजून दर्यातच हाय!"