जीपच्या मागच्या सीटा

गावातल्या चार विधवांना कोलमन नऊ वर्षं दर रविवारी आपल्या जीपमधून चर्चला नेत होता. आठवडाभर मेंढ्यांमागे धावून त्याला झोपायला तेवढी एकच सकाळ मिळायची, पण त्यांना नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती. शेवटी त्याने मागच्या सीटा काढल्या, मागच्या काचांवर पत्रा ठोकला आणि जीपची नोंदणी मालवाहू गाडी म्हणून करून घेतली.

"टॅक्स निम्म्याहून कमी झाला," त्याने सगळ्यांत थोरल्या नोराला सांगितलं. "पण आता मागे माणूस बसवता येत नाही. नियमच आहे."

"बरं केलंस, बाळा," नोरा म्हणाली. "मेंढ्यांत हल्ली उरतंय काय?"

कोलमनला थोडी लाज वाटली, आणि बरंच हलकं वाटलं.

रविवारी सकाळी दार वाजलं. कोट घालून नोरा उभी होती.

"पुढची सीट आहे ना रे? आम्ही चौघींनी पाळ्या लावून घेतल्यात. एकेकीला ने."

चौथीला घेऊन तो चर्चला पोचला तेव्हा मिस्साची प्रार्थना संपली होती, आणि घरी जायला नोरा फाटकात उभी होती.