तीन रंगांचा बोका

“हीपण खोटी निघाली! दे परत पाठवून,” गेंजिरोने फर्मान सोडले. त्याच्या बायकोने, तोमिएने, सातवी मांजरी टोपलीत घातली आणि झाकण लावले.

गेंजिरोच्या मासेमारीच्या होड्या चार आणि तीन रंगांचा बोका एकच. असा बोका होडीवर असला की वादळ फिरकत नाही, जाळे रिकामे येत नाही, हे जपानच्या सानरिकू किनाऱ्यावरच्या त्या बंदरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण असा बोका जन्मतो हजारांत एखादाच. म्हणून गेंजिरोला याचीच पैदास हवी होती. घरात बोक्याला ‘धाकटे मालक’ म्हणत. माशाचे पोट त्याला, काटे तोमिएला.

दोन वर्षे झाली, धाकट्या मालकांचा वंश काही वाढेना. दोष अर्थातच मांजरींचा. वांझ हा शब्द त्या गावाने बायकांसाठीच राखून ठेवला होता.

तोमिएला टोपलीकडे बघवेना. तीन वर्षांत मूल नाही तर बायकोने माहेरची वाट धरावी, ही तिकडची जुनी रीत. गेंजिरोने आधीच्या दोन बायकांना असाच नारळ दिला होता. आता तोमिएची तीन वर्षे भरली होती. उद्या सकाळची बस. माहेरी भावजय दारातही उभे करणार नव्हती.

आठवी तरी पारखून घ्यावी म्हणून गेंजिरोने जनावरांच्या डॉक्टरांना बोलावले होते. ते आले आणि त्यांनी उचलला तो बोकाच.

“दोष मांजरींचा नाही, मालक. पांढरा रंग वेगळा; काळा नाहीतर तांबडा येतो एक्स गुणसूत्रावरून. मादीला दोन एक्स, म्हणून तिला दोन्ही रंग मिळू शकतात. नराला एकच. याला चुकून एक जास्त आलाय. त्यानंच हा असा रंगीत झाला आणि त्यानंच याला पोरं व्हायची नाहीत.”

“काहीतरीच काय! एवढा रुबाबदार गडी!”

“रुबाबाचा काय संबंध? सात सोडा, सत्तर माद्या आणा.”

गेंजिरोचा चेहरा पडला. तोमिएने टोपलीचे झाकण काढले. मांजरी बाहेर आली आणि खुशाल अंग चाटत बसली.

तोमिएने डॉक्टरांपुढे चहा ठेवला.

“डॉक्टर, आलाच आहात, तर यांनाही तपासून जा.”