दोन बोटं कापड

समलिंगी आणि एचआयव्हीबाधितांच्या मदतीसाठी भरणाऱ्या समारंभात काळ्या कोटाशिवाय प्रवेश नव्हता. मुलगा वडिलांच्या शिवणकामाच्या दुकानात आपला कोट न्यायला आला. त्याचा जोडीदार, आजचा मुख्य वक्ता, नेहमीसारखा बाहेर गाडीपाशीच थांबला. दोन वर्षांत वडिलांनी त्याचं नावही काढलं नव्हतं.

कोट अंगात घालून मुलगा आरशासमोर हसला. "बाबा, म्हातारे झालात! बाह्या लोंबतायत आणि छातीला बटण लागत नाही."

"तुझा खुंटीवर आहे. हा त्याचा."

मुलाचं हसू थांबलं. "पण तुम्ही त्याचं माप कधी घेतलंत?"

"तुला सोडायला येतो, गाडीला टेकून उभा राहतो. चाळीस वर्षं गळ्यात टेप आहे माझ्या. काचेतून माप कळत नाही होय मला?"

मुलाने कोट काढून उलटा केला. दोन्ही शिवणींच्या आत चांगलं दोन दोन बोटं कापड दुमडलेलं होतं.

"एवढं कापड आत कशाला ठेवलंत?"

"गेल्या वर्षी नुसती काडी झाली होती त्याची. आता औषधं लागू पडलीत, अंग धरतोय. वाढत्या पोरांच्या गणवेशात ठेवतो, तसं ठेवलंय." वडिलांनी चष्मा पुसला. "बोलाव त्याला आत. आणि बजावून सांग, दर वर्षी उसवून घ्यायला यायचं."