माणिकबाईची पुडी

पातूरची माणिकबाई फुलं विकून बाजारातून घरी निघाली होती. जमादाराने टोपली उपसली, तर तळाशी बिनपरवान्याच्या गांजाची पुडी निघाली. दुसऱ्या दिवशी तिला बाळापूरला तहसीलदारांपुढे उभं केलं.

“गांजा कोणाचा?”

“माहाच.”

“तू ओढतेस?”

“हो.”

कचेरीत हशा पिकला. तहसीलदार मनाने मऊ होते. पिकल्या केसांच्या बाईला कुठे तुरुंगात धाडायचं, म्हणून त्यांनी नुसती ताकीद दिली आणि पुडी जाळून टाकायला सांगितली.

“जा बाई, सुटलीस.”

माणिकबाई जागची हलली नाही. जमादार पुडी घेऊन निघाला, तशी ती त्याच्या आडवी झाली.

“मले जेलात टाका, साहेब. पन थे पुडी माह्या घरी पोचवा. घरच्याईच्या पोटात गाठ हाये. दुधात घोटून पाजली, तरच त्याईले जरा डोया लागते.”

तहसीलदारांनी मान खाली घातली. हुकूम लिहून झाला होता.

ती पातूरला परतली, तेव्हा नवऱ्याचं ओरडणं गल्लीच्या तोंडापासूनच ऐकू येत होतं. रिकाम्या हातांनी पुढे जायला तिचा पाय उचलेना. ती तिथेच खाली बसली.